ऑपरेटरचा सुपरवायझर होताना

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फाउंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये सुपरवायझर सहसा बाहेरून येत नाही. आठ-दहा वर्षं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) किंवा मोल्डिंग लाइनवर काढलेला, हात चांगला असलेला, खाडे न करणारा माणूस एका सोमवारी पुढे केला जातो. पगार थोडा वाढतो, आणि कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्या हजेरीवर आजपासून सही करायची असते. हे नवं काम कसं करायचं ते मात्र त्याला कोणी शिकवत नाही. चांगला कारागीर आपोआप चांगला मुकादम होईल असं मालकही धरून चालतात आणि तोही.

पुढे जे लिहिलंय ते या माणसासाठी. त्यात तपशील बरेच आहेत, पण सगळे एकाच गोष्टीवर टेकलेले आहेत: हाताखालच्या माणसाला तुमच्या वागण्याचा अंदाज आला पाहिजे. कडक सुपरवायझर लोक सहन करतात, मवाळही करतात. आज जी चूक हसून सोडली तिच्यावरच उद्या खवळणारा मात्र सहन करत नाहीत. अंदाज येत नसला की माणूस स्वतःला वाचवायच्या मागे लागतो. खराब नग लपवतो, मशीनचा आवाज बदललेला सांगत नाही, सुट्टी न विचारता सरळ खाडा करतो. नव्या सुपरवायझरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

पहिले पंधरा दिवस

पहिली अडचण हाताची असते. एखाद्या पोराला सेटिंग जमत नाही, वेळ चालला आहे, आणि तुम्हाला ते दहा मिनिटांत जमतं. तुम्ही त्याला बाजूला करून स्वतः लावता. नग सुटतो, पण त्या दहा मिनिटांत बाकीच्या सात मशीनकडे कोणाचं लक्ष नसतं आणि पोरगा काहीच शिकलेला नसतो. उद्या तो पुन्हा तुम्हालाच हाक मारतो. महिन्याभरात तुम्ही पाळीतले सगळ्यात महागडे सेटर होता. म्हणून नियम साधा ठेवा: मशीनला हात दोनच कारणांसाठी लावायचा, धोका असेल तर थांबवायला आणि शिकवायला. शिकवताना बटण त्यानेच दाबायचं, तुम्ही शेजारी उभं राहायचं.

दुसरी अडचण हाक मारण्याची. आपल्याकडे वीस वर्षं काढलेल्या फेटलरला (कास्टिंग घासून साफ करणाऱ्याला) सगळे मामा किंवा काका म्हणतात, कानडी बोलणाऱ्या ज्येष्ठाला अण्णा. सुपरवायझर झाल्यावर ते बदलू नका. मामांना मामाच म्हणा, ‘अहो’ म्हणा आणि कामही स्पष्ट सांगा. मान देणं आणि काम सांगणं यांत भांडण नाही. बरोबरीच्या मित्राला काल अरे-तुरे करत असाल तर आज एकदम ‘अहो’ करू नका, ते त्याला टोचतं. पण एक काळजी घ्या. सगळ्यांसमोर काम वाटताना जवळच्यालाही इतरांच्याच सुरात सांगा. हसणं-खिदळणं चहाच्या वेळेला. मित्राला सोपं मशीन मिळतं हा संशय एकदा बसला की तो पुसायला वर्ष जातं. कानडी कामगाराशी मोडकं का होईना कानडी बोला, आणि शेवटी आदराचं ‘री’ लावायला विसरू नका. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या पोरांना ‘तू’ऐवजी ‘आप’ म्हणणारा सुपरवायझर क्वचित भेटतो. तसं बोलून बघा, फरक लगेच दिसेल.

पहिल्या पंधरवड्यातच प्रत्येकाशी पंधरा मिनिटं एकट्याने बोला. ऑफिसात बोलावून नको, त्याच्याच मशीनजवळ किंवा बाहेर झाडाखाली. तीन गोष्टी विचारा: कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, कोणतं मशीन शिकायचं आहे, आणि येण्या-जाण्याची सोय काय. तिसऱ्या प्रश्नाला कमी समजू नका. खानापूरकडच्या गावातून पहिल्या बसने येणारा माणूस पावसाळ्यात वीस मिनिटं उशिरा येणार हे आधी माहीत असेल, तर त्याला दुसरी पाळी देता येते. माहीत नसेल तर रोज सकाळी भांडण होतं. ऐकलेलं वहीत लिहा आणि त्यातली एखादी लहान, तुमच्या हातातली गोष्ट आठवड्याच्या आत करून दाखवा. फॅनची दिशा, हातमोज्यांचा साइज, मशीनखाली मोडलेली लाकडी फळी, असलं काहीतरी. मोठी आश्वासनं देऊ नका. पगारवाढ तुमच्या हातात नाही, ती तुमच्या तोंडातही नको.

याच काळात एक तक्ता करा. आडव्या ओळीत मशीन, उभ्या रांगेत नावं. चौकटीत ०, १, २ किंवा ३. शून्य म्हणजे केलंच नाही, एक म्हणजे शेजारी कोणी असेल तर करतो, दोन म्हणजे एकट्याने करतो, तीन म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. चौदा माणसं आणि आठ मशीन असतील तर तक्ता अर्ध्या तासात होतो. मग प्रत्येक मशीनखाली दोन किंवा तीन आकडा असलेली माणसं मोजा. जिथे एकच माणूस निघेल तिथे तुमची पाळी त्याच्या तापावर आणि त्याच्या बहिणीच्या लग्नावर अवलंबून आहे. प्रत्येक मशीनला निदान तीन माणसं हवीत. शिकवण्याचा क्रम या तक्त्यावरून ठरवा, मर्जीवरून नाही. तक्ता भिंतीवर लावा, म्हणजे कोणाला आधी का शिकवलं हे विचारावं लागत नाही.

पाळीच्या सुरुवातीची पाच मिनिटं

सातला पाळी सुरू होते तेव्हा उभ्या उभ्या पाच मिनिटं बोला. भाषण नको. काल किती नग झाले, किती गेले, आज काय चालवायचं, कोण नाही आणि त्याच्या जागी कोण, आणि सुरक्षेची एकच गोष्ट. ही सुरक्षेची गोष्ट त्या दिवसाची हवी. पावसाळ्यात फाउंड्रीत ती ठरलेली आहे: ओला स्क्रॅप भट्टीत जाता कामा नये आणि लॅडल (रस ओतायचं भांडं) पूर्ण तापल्याशिवाय त्यात रस घ्यायचा नाही. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे रोज सांगितलं तरी जास्त होत नाही.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. एका पाळीत मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांची माणसं असतात. सगळं तीनदा बोलायला वेळ नसतो, आणि मराठीत बोलून ‘समजलं ना?’ विचारलं की सगळे मान हलवतात. ती मान म्हणजे समजणं नव्हे. त्यापेक्षा आकडे फळ्यावर लिहा, नग हातात धरून दाखवा आणि ज्याला सांगितलं त्याच्याकडून उलट वदवून घ्या. ‘आता तू काय करणार ते मला सांग.’ तो कानडीत सांगेल, हिंदीत सांगेल, चालेल. धोक्याच्या पाट्या कानडी आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत हव्यात. कानडी माध्यमात शिकलेल्या कित्येकांना देवनागरी भरभर वाचता येत नाही आणि आपल्यातल्या कित्येकांना कानडी.

मापाच्या बोलण्यात एकच एकक ठेवा. एक जण ‘पॉइंट दोन’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात ०.०२ असतं आणि ऐकणारा ०.२ देतो. मशीनशॉपमध्ये सगळ्यांनी मायक्रॉनच (मिलिमीटरचा हजारावा भाग) बोलायचं, वीस मायक्रॉन म्हणजे वीस मायक्रॉन. हे ठरवायला खर्च काही नाही. कटकट मात्र फार वाचते.

सीमाभागाचं आणखी एक आहे, ते टाळून चालणार नाही. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सव असतो, दुसरीकडे मराठी माणसं काळा दिन पाळतात. दोन्हीकडची माणसं तुमच्या लाइनवर शेजारी शेजारी उभी असतात. तुमचं मत काहीही असो, फाटकाच्या आत ते बोलू नका. पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात कामाशिवाय काही टाकू नका, दुसऱ्या कोणी टाकलं तर मग ते मराठी असो वा कानडी, त्याला बाजूला घेऊन काढायला सांगा. रस्ते अडले तर कोण कसा पोचणार एवढं मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवा. कानडी कामगाराला तुमच्याकडे न्याय मिळतो अशी खात्री असेल तरच तो तुम्हाला खरं सांगेल. मराठी कामगारालाही तो न्याय दिसत असतो.

काम शिकवणं

सुपरवायझरचं हे सगळ्यात मोठं काम, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याकडेच होतं. ‘दोन दिवस त्याच्याबरोबर उभा राहा, शिकशील’ याला शिकवणं म्हणत नाहीत. तो जे बघतो ते शिकतो, त्यात वाईट सवयीही आल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं मोठ्या संख्येने आली. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुपरवायझरांसाठी चालला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या कारखान्यांनी तो मनापासून उचलला. त्यात काम शिकवायचे चार टप्पे आहेत: माणसाची तयारी करून घेणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि नंतर लक्ष ठेवणं. वाचायला सोपं आहे. अवघड भाग दुसऱ्या टप्प्यात आहे. तिथे काम तीनदा दाखवायचं असतं: पहिल्यांदा फक्त पायऱ्या, दुसऱ्यांदा पायऱ्या आणि त्यातल्या नाजूक जागा, तिसऱ्यांदा त्या जागा नाजूक का आहेत त्याचं कारण.

उदाहरण घेऊ. लेथवर ५० एच७ चं बोअर (आतलं गोल भोक) आहे, म्हणजे माप ५०.००० ते ५०.०२५ मिलिमीटर. इन्सर्ट (कापणारी पाती) झिजत जातो तसं बोअर लहान होत जातं आणि ऑपरेटरला ऑफसेट, म्हणजे कंट्रोलमध्ये भरलेला दुरुस्तीचा आकडा, वाढवावा लागतो. पायऱ्या चारच: नग काढ, पूस, बोअर गेजने मोज, ऑफसेट दे.

नाजूक जागा दोन. पहिली, नग गार झाल्यावर मोजायचा. कास्ट आयर्नचं ५० मिलिमीटरचं बोअर वीस अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण १० मायक्रॉन मोठं दिसतं. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरकच, सगळा २५ चा. गरम नग पास केला तर गार झाल्यावर तो लहान निघतो, आणि त्या मापावर ऑफसेट दिला तर पुढचे सगळेच चुकतात.

दुसरी जागा बटणाची. फॅनुक कंट्रोलवर आधीच्या आकड्यात भर घालायची असेल तर ‘प्लस इनपुट’ दाबायचं असतं. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसला जाऊन नवा बसतो. समजा वेअरमध्ये (झिजेच्या ऑफसेटच्या रकान्यात) वजा ०.०८० होतं आणि १० मायक्रॉन वाढवायचे होते. व्हायला हवं वजा ०.०७०. पोराने १० मायक्रॉन टाकून नुसतं इनपुट दाबलं, तर होतं अधिक ०.०१०. बोअर पाहिजे त्यापेक्षा ८० मायक्रॉन मोठं, नग भंगारात. हे कारण ज्याला आकड्यांसकट सांगितलं तो ते विसरत नाही. ज्याला ‘हे बटण दाबायचं, ते नाही’ एवढंच सांगितलं तो रात्रपाळीत पहाटे चारला चुकतो.

तिसऱ्या टप्प्यात त्याने काम करताना तोंडाने कारण सांगायचं. सांगता आलं नाही तर पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर या, चिडू नका. चौथ्या टप्प्यात पहिल्या दिवशी तासातून एकदा, दुसऱ्या दिवशी पाळीत तीनदा, मग दिवसातून एकदा बघा. अडला तर कोणाला विचारायचं त्याचं नाव त्याला सांगून ठेवा. ‘कोणालाही विचार’ म्हटलं की तो कोणालाच विचारत नाही.

पाळी सोपवताना

रात्री अकराला एक जण बाहेर पडतो, दुसरा आत येतो आणि दोघं फाटकावर एकमेकांना हात करतात. नुकसानीची निम्मी कारणं या फाटकावर तयार होतात असं माझं मत आहे. दोन्ही सुपरवायझर निदान दहा मिनिटं एकत्र हवेत, आणि ऑफिसात नव्हे तर मशीनसमोर. वहीत पाचच गोष्टी: कोणता पार्ट कितीवर आहे, टूल किती नग चाललं आणि ऑफसेट किती, मशीनची काय कुरकुर आहे, कोणता माल थांबवून ठेवला आहे आणि का, माणसांपैकी कोणाची तब्येत किंवा अडचण. खाली दोघांच्या सह्या. थांबवलेल्या मालाला लाल टॅग हवाच. नुसतं तोंडी सांगितलेला माल सकाळपर्यंत डिस्पॅचला गेलेला असतो.

रिजेक्शन आलं की

पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ हा विचारला की तपास तिथेच संपतो. विचारायचा क्रम असा ठेवा: काय झालं, नगावर नेमकं कुठे, किती नग, कधीपासून. मग का. ‘कोण’ सगळ्यात शेवटी, आणि तेही शिकवण्यासाठी.

फाउंड्रीतलं उदाहरण. जुलैत कास्टिंगमध्ये ब्लोहोल (गॅसची छिद्रं) वाढले. सवयीने दोष रस ओतणाऱ्यावर जातो, कारण तो समोर दिसतो. पण नगावर छिद्रं नेमकी कुठे आहेत ते बघा. कोअरच्या (नगातली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या तुकड्याच्या) बाजूला असतील तर कोअर तपासा. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर केलेले कोअर हवेतला ओलावा ओढतात. आपल्याकडच्या झडीत चार दिवस उघड्यावर पडलेला कोअर वापरला, तर रस लागताच त्यातून गॅस सुटणार आणि तो धातूत अडकणार. उपाय कोअरवर तारीख लिहिणं, आधी केलेला आधी वापरणं आणि रॅक झाकून भिंतीपासून दूर ठेवणं. ओतणाऱ्याला झापून यातलं काहीही सुधारलं नसतं. छिद्रं सगळीकडे पसरलेली असतील तर वाळूतला ओलावा मोजा. हिरव्या वाळूत (मोल्डिंगच्या ओलसर वाळूत) तो साधारण तीन ते चार टक्क्यांत असतो, आणि पावसात तो हाताच्या अंदाजावर सोडून चालत नाही. दर तासाला मोजून फळ्यावर लिहा. आणि एकाच लॅडलच्या शेवटच्या मोल्डमध्येच कोल्ड शट (रस नीट न जुळल्याची रेघ) येत असेल तर रस गार होतो आहे. तिथे ओतणाऱ्याचा वेग नव्हे, एका लॅडलमध्ये किती मोल्ड भरायचे हे ठरवणाऱ्याचा आकडा चुकला आहे. तो आकडा ठरवणारे बहुधा तुम्हीच असता.

ज्याने स्वतःहून येऊन ‘माझ्याकडून नग गेला’ म्हणून सांगितलं, त्याच्याशी पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही कसं वागता ते सगळी पाळी बघते. ‘बरं झालं लगेच सांगितलंस, आधीचे पाच नग बाजूला काढ’ एवढंच म्हणा आणि मोजायला लागा. तिथे आवाज चढला तर पुढचा खराब नग चिप्सच्या ट्रॉलीत जातो किंवा वाळूत पुरला जातो, आणि तुम्हाला ग्राहकाच्या मेलवरून कळतो. नुकसान पगारातून कापू अशी धमकी तर कधीच देऊ नका. मजुरीतून दंड कापण्यावर कायद्याने कडक मर्यादा आहेत.

चुकीबद्दल बोलायचं ते एकट्याला, त्याच दिवशी, आणि वागण्याबद्दल, स्वभावाबद्दल नाही. ‘तू आळशी आहेस’ याला उत्तर नसतं. ‘या आठवड्यात तीनदा पहिल्या नगाची नोंद केली नाहीस, काय अडचण आहे?’ याला असतं. उत्तर ऐका, काय बदलायचं ते ठरवा, परत कधी बघणार तो दिवस सांगा आणि त्या दिवशी खरंच बघा. तेच तिसऱ्यांदा झालं तर लिहून वर कळवा, आणि कळवणार आहात हे त्याला आधी सांगा. शाबासकीही अशीच नेमकी हवी. ‘छान काम’ हवेत विरतं. ‘कूलंटचा वास बदललेला तू वेळेत सांगितलास म्हणून टाकी बदलता आली’ हे लक्षात राहतं. ती मात्र सगळ्यांसमोर द्या.

सुट्ट्या

बेळगावच्या पाळीत सुपरवायझरची खरी कसोटी कॅलेंडरवर लागते. जुलैत पश्चिमेकडच्या गावांत भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे सुगी, नंतर ऊसतोड. गणपती, आणि विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. नवरात्रात पहाटेची दुर्गामाता दौड, वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ, पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, आणि गावोगावच्या यात्रा. काही गावांत लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी भरते, त्या वेळी त्या गावचा एकही माणूस कामावर येणार नाही. आणि का यावं? पाहुणे घरी, लेकी माहेरी आलेल्या, तेव्हा त्याने घरी असणंच योग्य आहे. रमजानमध्ये भट्टीवर रोजा धरून उभा असलेला माणूस असतो. बिहारकडची पोरं छठला आणि होळीला जातात. प्रवासातच येऊन-जाऊन चार दिवस मोडतात, म्हणून ती तीन आठवड्यांखाली परतत नाहीत.

हे सगळं आधी माहीत असतं. तरी दर वर्षी गणपतीला ‘अचानक’ माणसं कमी पडतात, कारण कोणी विचारलेलंच नसतं. जानेवारीत आणि जूनमध्ये वर्षाचा मोठा कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला आपल्या गावची यात्रा, शेताची कामं, घरची लग्नं पेन्सिलने लिहायला सांगा. मग नियम जाहीर करा: एका पाळीतून एका दिवशी जास्तीत जास्त किती जण सुटणार (चौदात तीन हा आकडा ठीक आहे), किती दिवस आधी सांगायचं, आणि जास्त जणांनी मागितली तर कोणाला. मागच्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याला यंदा आधी. घरात आजारपण किंवा मयत असेल तर हा नियम लागू नाही, तिथे लगेच सोडायचं आणि कागदपत्रं मागून करायची.

मग अदलाबदल सुरू होते, आणि ही या भागाची मोठी सोय आहे. ईदला मराठी-कानडी पोरं काम ओढतात, गणपतीला मुसलमान पोरं. लावणीला गावाकडचे जातात तेव्हा परराज्यातली पोरं जादा पाळी करतात, छठला उलट. दौडीला जाणाऱ्याला त्या नऊ दिवसांत दुसरी पाळी द्या, नाहीतर तो पेंगत मशीनवर उभा राहतो. रोजा सोडायची वेळ दुसऱ्या पाळीत येते, तेव्हा भट्टीवर वीस मिनिटं दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवा. ही देवाणघेवाण लोक आपसांत ठरवतात. तुम्ही फक्त ती वहीत लिहा आणि पाळली जाते की नाही ते बघा. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मिळतो की नाही तेही बघा. तो हिशेब चुकला की तुमच्या शब्दावर कोणी जादा थांबणार नाही.

दिलेली सुट्टी आयत्या वेळी रद्द करू नका. ऑर्डर आली तरी. तो दिवस तुम्ही वरच्यांशी भांडून वाचवला हे लोकांना न सांगताच कळतं.

पैशाचं एक. हाताखालच्या माणसाला उसने देऊ नका, त्याच्याकडून घेऊ नका, पाळीतली भिशी स्वतः चालवू नका आणि कोणाच्या कर्जाला जामीन राहू नका. अडचणीतल्याला कंपनीकडून उचल मिळवून द्यायला मात्र स्वतः सोबत जा.

ठेकेदाराची माणसं ही सुद्धा तुमचीच माणसं. पाणी, हातमोजे, गॉगल, सेफ्टी शूज आणि पाच मिनिटांची सभा यांत कंपनीचा आणि ठेकेदाराचा असा फरक करू नका. फेटलिंगचं आणि धुळीचं काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं, म्हणजे मास्क आधी त्यांनाच हवा.

वरच्यांशी बोलताना

मॅनेजर म्हणतात, या पाळीत ४८० नग पाहिजेत. नवा सुपरवायझर ‘बघतो साहेब’ म्हणतो आणि खाली येऊन ओरडतो. तिथेच बसून हिशेब मांडा. लोडिंग-अनलोडिंग धरून सायकल ६५ सेकंदांची आहे. पाळी ४८० मिनिटांची. जेवण ३०, दोन चहा २०, सभा आणि सोपवणं १० गेले की उरतात ४२० मिनिटं, म्हणजे २५,२०० सेकंद. ६५ ने भागले की ३८७ नग, तेही मशीन एकदाही न थांबता. इन्सर्ट बदलणं आणि मोजमाप धरलं तर ३४० हा खरा आकडा. ४८० ला नुसत्या सायकलचीच ५२० मिनिटं लागतात. मग पर्याय तुम्हीच द्या: दुसऱ्या मशीनवर काही माल टाकू, जादा वेळ चालवू, किंवा प्रॉडक्शन इंजिनिअरला बरोबर घेऊन सायकल कमी करू. नुसता नकार कोणी ऐकत नाही, हिशेब ऐकतात.

एका बाबतीत मात्र पर्याय द्यायचा नाही. दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारं कुलूप) बायपास करून चालवा, असं कोणी सांगितलं तर नाही म्हणा आणि लेखी नाही म्हणा. तुम्ही एकदा त्यात चावी अडकवून मशीन चालवलंत की सुरक्षेबद्दल त्यानंतर तुम्ही काहीही बोललात तरी कोणी ऐकणार नाही. आणि त्या उघड्या दारात हात कोणाचा असेल ते आधी सांगता येत नाही.

सहा महिन्यांनी तक्त्यात तीनचा आकडा असलेल्यांपैकी एक जण निवडा आणि त्याला आठवड्यातून एक पाळी सांभाळायला द्या. आधी सकाळची सभा, मग पाळी सोपवण्याची वही, मग कामाची वाटणी, या क्रमाने. सुट्ट्यांची वही आणि तक्रारींचं बोलणं सगळ्यात शेवटी द्या, कारण तिथली चूक लोक वर्षभर धरून ठेवतात. त्या दिवशी तुम्ही शॉपवर असलात तरी त्याने दिलेला हुकूम सगळ्यांसमोर फिरवू नका. चुकला असेल तर पाळी संपल्यावर सांगा. त्याची निवड का केली हे बाकीच्यांना तक्ता दाखवून सांगा, विशेषतः जे वयाने मोठे आहेत आणि ज्यांना वाटतं की ही जागा त्यांची होती. त्यांच्याशी आधी, वेगळं आणि बसून बोला.